फाडफाड इंग्रजीचं वेबिल

"मॅडम, राग मानू नका, पण ५० मिनिटांच्या क्लासमध्ये तुम्ही ३८ मिनिटं बोललात. आम्ही सात जण होतो. माझ्या वाट्याला दीड मिनिट आलं, आणि त्यातलंही अर्धं 'हॅलो, आवाज येतोय का' यातच गेलं."

हे सांगणारे काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर वेबिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरल्यामुळे हिशेबाची सवय अंगात मुरलेली. माझ्या ऑनलाइन स्पोकन इंग्लिशच्या डेमोला ते वही घेऊन बसले होते आणि कोण किती बोललं ते लिहीत होते. त्यांना इंग्रजी हवं होतं ते न्यू जर्सीतल्या नातवासाठी. नातू सहा वर्षांचा. त्याला मराठी समजतं, पण उत्तर तो इंग्रजीत देतो, आणि आजोबांनी दोनदा "काय रे?" विचारलं की फोन आईच्या हातात देऊन पळतो.

मला वाटलं होतं डेमो झकास झाला. रंगीत स्लाइड्स होत्या, बारा काळ एका तक्त्यात बसवले होते, मधूनमधून लोक हसतही होते. काकांच्या वहीनं सगळी हवा काढली. पण त्या हिशेबामुळेच मला कळलं की संभाषण शिकवण्यात खरी चणचण असते ती वेळेची: शिकणाऱ्याच्या तोंडाला मिळणाऱ्या मिनिटांची, आणि त्याच्या डोक्याला लागणाऱ्या सेकंदांची.

आधी सेकंदांचं बघू.

बोलणं म्हणजे एका वेळी तीन कामं. काय सांगायचं ते ठरवायचं, त्यासाठी शब्द शोधून रांगेत लावायचे, आणि मग जीभ, ओठ, श्वास हलवून ते बाहेर काढायचे. विलेम लेव्हेल्ट या भाषा-मानसशास्त्रज्ञानं १९८९ साली बोलण्याचा जो आराखडा मांडला, त्यात ढोबळमानानं हेच तीन टप्पे आहेत. मराठीत बोलताना पुढचे दोन टप्पे आपसूक चालतात, म्हणून तर मेथी निवडता निवडता शेजारणीशी तासभर गप्पा होतात. इंग्रजीत नवखा माणूस मधल्या टप्प्यावर अडकतो. 'गेलो' म्हणजे गो की वेंट? डिड लावायचं का? लावलं तर वेंटचं पुन्हा गो करायचं ना? एवढं होईतो समोरच्याचा पुढचा प्रश्न आलेला असतो.

गप्पांमध्ये पाळी किती झटपट बदलते याचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानी, डच, कोरियन, लाओ अशा १० भाषांमधल्या गप्पा त्यात मोजल्या होत्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. भाषेभाषेत थोडं कमीजास्त, पण आकडा त्याच घरातला. आता गंमत बघा. नुसतं आंब्याचं चित्र दाखवून "हे काय?" विचारलं, तरी स्वतःच्या भाषेत "आंबा" म्हणायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग अख्खं उत्तर २०० मध्ये सुरू होतं कसं? कारण समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू करतो. नवख्याला नेमकं हेच जमत नाही. त्याचं सगळं लक्ष समोरचा काय म्हणतोय हे समजण्यात गेलेलं असतं. जुळवाजुळवीला डोक्यात जागाच उरत नाही.

त्यात ऑनलाइनची भर. आवाज नेटवरून यायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी की एका बाजूनं १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांना चालून जातो. जाऊन येऊन ३०० झाले. म्हणजे गप्पांमधल्या नैसर्गिक थांब्यापेक्षा जास्त, आणि हे चांगल्या नेटचं झालं. गच्चीवर टाकीशेजारी उभं राहून क्लास करणाऱ्याचं वेगळंच. परिणाम आपण सगळ्यांनी अनुभवलाय: दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, "बोला बोला", "नाही, तुम्ही बोला". मराठीत यानं काही बिघडत नाही. पण ज्यानं चार सेकंद खपून एक इंग्रजी वाक्य डोक्यात उभं केलेलं असतं, त्याचं वाक्य या धडकेत कोसळतं. तो "नथिंग मॅडम" म्हणतो आणि पुढची दहा मिनिटं गप्प.

यावर दोन साधे उपाय मला लागू पडले. एक, प्रश्न आधी विचारायचा, मग थांबायचं, आणि नाव सर्वांत शेवटी घ्यायचं. नाव आधी घेतलं की बाकीचे सहा जण निर्धास्त होऊन व्हॉट्सॲप उघडतात. दुसरा उपाय म्हणजे तो थांबा खरोखर पाळायचा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात शाळांमधल्या वर्गांच्या टेप ऐकून दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. ती मुलं विज्ञान शिकत होती. परक्या भाषेत बोलणाऱ्याला मी आठ सेकंद देते. स्क्रीनवर आठ सेकंदांची शांतता भयंकर असते, नेट गेलं की काय असं वाटतं. मी टेबलाखाली बोटं मोजते, नाहीतर पाचव्या सेकंदाला माझंच तोंड उघडतं.

मिनिटांचा भागाकार

'३० दिवसांत फाडफाड इंग्रजी' छापाच्या जाहिराती बघून लोक येतात, म्हणून हे गणित एकदा मांडू. ६० मिनिटांचा क्लास, २० विद्यार्थी, सर ४० मिनिटं बोलणार. उरलेल्या २० मिनिटांत माणशी एक मिनिट. आठवड्याला तीन क्लास, वर्षाचे ५० आठवडे धरा: १५० मिनिटं. फी वर्षभराची आणि बोलणं अडीच तासांचं! वर्षभरात अडीच तास विहिरीत उतरून कुणी पोहायला शिकलंय का? बाकी वेळ काठावर बसून पोहण्यावरचं भाषण ऐकायचं.

त्याच क्लासमध्ये २० मिनिटं जोड्या पाडल्या, तर प्रत्येकाला १० मिनिटं मिळतात. वर्षाचे २५ तास झाले. दसपट, आणि सरांचा घसाही वाचला. झूमसारख्या ॲपमध्ये अशा जोड्यांसाठी वेगळ्या खोल्या करता येतात. फक्त फुकटच्या झूममध्ये ४० मिनिटांनी मीटिंग आपोआप मिटते, म्हणून कामाची गोष्ट आधी उरकावी.

अडचण एकच, पण मोठी. दोन मराठी माणसांना एका खोलीत टाकलं की ती मराठीत बोलतात. मी खोलीत डोकावले की "येस मॅडम, व्हेरी गुड मॅडम", आणि बाहेर पडले की पुन्हा "अहो, तुमच्याकडे पाऊस कसा आहे?" यात त्यांचा दोष नाही. ज्याला आपली भाषा येते त्याच्याशी परक्या भाषेत बोलायला काहीतरी कारण लागतं. म्हणून एकाकडे असं काही द्यायचं जे दुसऱ्याला ठाऊक नाही, आणि तेही इंग्रजीत. एकाला गाड्यांचं वेळापत्रक, दुसऱ्याला फक्त 'सकाळी अकराच्या आत सांगलीला पोचायचंय' एवढी चिठ्ठी. ही कल्पना वापरली त्या दिवशी काका खोली सोडून तडक माझ्याकडे आले: "मॅडम, धिस टाइमटेबल इज राँग. सांगली बस गोज फ्रॉम स्वारगेट, नॉट फ्रॉम शिवाजीनगर." त्यांनी रागावून उच्चारलेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य. त्यात चूक शोधायला मी गेले नाही.

दुसरी एक युक्ती या धंद्यात जुनी आहे, ४-३-२ म्हणतात तिला. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगायची: पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. प्रत्यक्ष वर्गात खुर्च्या सरकवण्यात वेळ जातो, ऑनलाइन खोल्या बदलायला दहा सेकंद पुरतात. केकचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी गॅस संपल्याची गोष्ट सांगितली. पहिल्या फेरीत: "येस्टरडे... माय... गॅस फिनिश. आय... फोन... एजन्सी. ही टेल... टू डेज." तिसऱ्या फेरीत: "येस्टरडे माय गॅस फिनिश्ड. आय कॉल्ड द एजन्सी अँड दे सेड टू डेज. सो आय बेक्ड इन माय सिस्टर्स हाउस." मधल्या वेळात मी काही शिकवलं नव्हतं. तिसऱ्यांदा सांगताना काय सांगायचं हे ठरवायचं काम उरलं नाही, शब्द ओठांवर तयार होते, म्हणून डोकं व्याकरणाकडे बघायला मोकळं झालं. तो 'सो' तर त्यांचा त्यांनीच आणला.

लोक विचारतात, इंग्रजी सिनेमे बघून, बातम्या ऐकून येणार नाही का? ऐकल्याशिवाय काहीच येत नाही हे खरं. पण नुसतं ऐकून किती येतं याचं एक बोलकं उदाहरण कॅनडात आहे. तिथं इंग्रजी घरांतली मुलं शाळेचे बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकत. वर्षानुवर्षं ऐकून त्यांची समज फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, पण बोलणं आणि लिहिणं मात्र बरंच मागे राहिलं. मेरिल स्वेन या संशोधिकेनं १९८५ मध्ये आणि त्यानंतर यावरून मुद्दा मांडला की माणसाला स्वतः वाक्य रचून बोलावं लागतं, तेव्हाच आपल्याला काय येत नाही हे त्याच्या ध्यानात येतं. आपल्याकडे तर ऐकण्याच्याही आधी वाचणं येतं. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला 'चेंज द व्हॉइस' बिनचूक करता येतं आणि डिलिव्हरीवाल्याच्या फोनला उत्तर देताना घाम फुटतो.

एका 'मला'ची कहाणी

व्याकरण शिकवूच नये असं नाही. पण कुठलं, हे शिकणाऱ्याच्या भाषेवरून ठरतं. मराठी माणसाला बारा काळांपेक्षा जास्त छळतो तो 'मला'.

मला दोन भाऊ आहेत. मला ताप आहे. मला भूक लागली. मला पोहता येतं. मला जायचंय. मला जावं लागेल. मला आठवत नाही. मराठीत सगळीकडे एकच 'मला', कारण आपल्याकडे भूक, ताप, भाऊ, आठवण या गोष्टी माणसाकडे येतात, माणूस त्या करत नाही. भाषासुद्धा आपल्याला 'येते'. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी माणूस पुढे येऊन 'आय' म्हणतो आणि क्रियापद बदलतं: आय हॅव, आय ॲम, आय कॅन, आय वॉन्ट टू, आय हॅव टू, आय डोन्ट रिमेंबर. शिकणारा मात्र 'मला'ला इंग्रजी शब्द शोधत बसतो. तो सापडतो 'मी', आणि इथं घोटाळा पुरा होतो, कारण इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला' आणि आपला 'मी' म्हणजे त्यांचा 'आय'. हा योगायोग ज्यानं केला त्याला माझा दंडवत.

म्हणून पहिले दोन आठवडे मी कुठलाही काळ शिकवत नाही. 'मला'ची वाक्यं मराठीत सांगायची आणि समोरच्यानं लगेच इंग्रजी म्हणायचं. 'इंग्रजीतून इंग्रजी' शिकवणाऱ्यांना हे पटत नाही. पण मराठी साचा शिकणाऱ्याच्या डोक्यात असतोच, आपण त्याचं नाव काढलं नाही म्हणून तो जात नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' कुठून येतं ते एकदा दिसलं की पुढच्या वेळी माणूस स्वतःच अडखळून सुधारतो.

उच्चारांत मराठी माणसाची मिळकत बरी आहे. 'बॅट' आणि 'बॉल' लिहायला आपल्या लिपीत स्वतंत्र खुणा आहेत. 'वाइन' आणि 'व्हॅन' आपण वेगवेगळं लिहितो, ते तसंच वेगळं म्हटलं की अर्धं काम झालं. 'स्कूल'च्या आधी 'इ' लावायची सवयही आपल्याला नाही. अडतं ते 'शिप' आणि 'शीप'मध्ये, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपण शुद्धलेखनात पाळतो, जिभेवर नाही. त्याहून जास्त अडतं ते वजनात. मराठीत अक्षरं साधारण सारख्या तोलानं चालतात. इंग्रजीत एका अक्षरावर सगळा भार टाकून बाकीची चेपली जातात. 'फोटोग्राफ'मध्ये भार 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो सरकून 'टॉ'वर. काकांचा नातू 'कम्फर्टेबल'चं 'कम्फ्टबल' करतो, तेव्हा मधलं अक्षर त्यानं खाल्लेलं नसतं, ते इंग्रजीनंच गिळलेलं असतं.

हे ऐकू येण्यासाठी आवाज नीट पोचायला हवा. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, आणि 'स', 'फ'सारख्या फुत्कारी आवाजांची ओळख बरीचशी त्याच्या वर असते. म्हणून फोनवर नाव सांगताना 'एस फॉर सातारा' करावं लागायचं. ॲपमध्ये पट्टा मोठा असतो, पण गोंगाट कापणारी यंत्रणा कधी कधी शब्दाच्या शेवटचा हलका 'स' किंवा 'ट'ही गोंगाट समजून कापते. 'वॉक' म्हणाला की 'वॉक्ट', कळायला मार्ग नाही. ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू झाला की अनेकदा आवाज आणखी खालावतो. माझा सल्ला शंभर-दीडशे रुपयांच्या वायरवाल्या इअरफोनचा, लोकांना तो मागासलेला वाटतो.

सगळ्यांनी मिळून म्हणणं तर ऑनलाइन जमतच नाही. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि ॲप त्यातला एखादाच पुढे काढतं. भजनी मंडळाची भांडाभांडी ऐकतोय असं वाटतं. म्हणून मी सगळ्यांना म्यूट करून म्हणायला लावते. आणि इथं एक अनपेक्षित फायदा झाला. घरात इंग्रजी माध्यमातली मुलगी हसते, सासूबाई हॉलमध्ये असतात, नवरा "काय चाललंय?" विचारतो, बाहेरच्या क्लासात न भेटणारी ही लाज घरून शिकताना शेजारीच बसलेली असते. म्यूटवर निदान वर्गाची तरी लाज नसते. स्क्रीनवर सात चेहऱ्यांचे ओठ हलताना दिसतात, आणि 'शिप-शीप'ला कुणाचे ओठ फाकले आणि कुणाचे नाही, हे आवाजाशिवायही कळतं.

चुका सुधारण्याचंही तसंच. "माय सन गो टु कॉलेज." "ओके, युवर सन गोज टु कॉलेज." "येस मॅडम!" आपण चूक सुधारली असं मला वाटतं, आपल्याला मॅडमनं होकार दिला असं त्यांना वाटतं. कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९७ मध्ये हेच नोंदवलं: शिक्षकांची निम्म्याहून जास्त दुरुस्ती अशा गोड पद्धतीची, आणि बहुतेकदा मुलांनी ती उचललेलीच नसते. मी आता बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाही. वाक्य जसंच्या तसं कागदावर घेते आणि शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता स्क्रीनवर टाकते. 'हे कोण म्हणालं?' असं विचारायचं नाही, 'कसं म्हणाल?' एवढंच. चॅटमध्ये लगेच टाइप करून बघितलं होतं. माणूस बोलणं सोडून वाचायला लागतो.

राहिलं ३० दिवसांचं. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अंदाज असा: जुजबी गरजा भागवणाऱ्या ए२ पातळीला मार्गदर्शनाखाली १८० ते २०० तास, आणि ओळखीच्या विषयांवर स्वतःचं म्हणणं मांडता येणाऱ्या बी१ला एकूण ३५० ते ४०० तास. आपल्या लोकांची शाळेतली शिदोरी असते, म्हणून शून्यापासून मोजायला नको. पण महिनाभर रोज एक तास म्हणजे ३० तास, हे कुणालाही कळावं. बोलणारी ॲप्स आलीत, त्यांच्याशी जरूर बोला. ती हसत नाहीत, कंटाळत नाहीत, रात्री साडेअकरालाही हजर असतात. सरावाला उत्तम. फक्त ती अर्धवट उच्चारही समजून घेतात. न्यू जर्सीतला सहा वर्षांचा मुलगा समजून घेत नाही.

काका अजून माझ्या क्लासला आहेत. दर क्लासनंतर ग्रुपवर त्यांचं वेबिल येतं. परवाचं असं होतं: मॅडम १३, ताई ८, बीकॉमवाला ७, नर्सबाई ६, मी ९, बाकीचे मिळून ४, नेटवर्क ३. खाली एक ओळ इंग्रजीत, आपल्याच लिपीत: 'मॅडम, टुडे यू टॉक्ड लेस. व्हेरी गुड.'